मॉरिस कॉलेजातून निघालेली माणसं

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी देऊळघाटच्या एखाद्या हुशार पोराला मॅट्रिकनंतर शिकायचं असेल, तर आधी बुलडाणा गाठायचं, तिथून राजूर घाट उतरून मोताळ्यावरून मलकापूर, आणि मलकापूरला आगगाडी. १९२३ मध्ये अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघेपर्यंत वऱ्हाडात कॉलेज नव्हतं. मग एक तर पुण्या-मुंबईकडे जायचं, नाही तर नागपूरकडे. नागपुरात १८८३ पासून हिस्लॉप होतं आणि १८८५ पासून मॉरिस. खर्च झेपणारी घरं थोडी होती. अर्ध्याहून अधिक समाजाच्या तर हा रस्ता खिजगणतीतही नव्हता. म्हणूनच मॉरिसच्या माजी विद्यार्थ्यांचा हिशेब मांडताना मला पदांपेक्षा ती माणसं कुठून आली आणि परत कुठे गेली, याचं मोल जास्त वाटतं.

मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस यांच्या नावाने हे कॉलेज सुरू झालं. नागपूर विद्यापीठ १९२३ चं. त्याआधीची पदवी बाहेरच्या विद्यापीठाची असे. नागपूर विद्यापीठाच्या अगदी सुरुवातीच्या पदवीधरांत, १९२६ साली, मॉरिसमधून बी. ए. झाले मोहम्मद हिदायतुल्ला. रायपूरच्या सरकारी शाळेतून आलेला हा विद्यार्थी पुढे केंब्रिजला गेला, परतून नागपुरातच वकिली केली, कायदा शिकवला. १९५४ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. १९६९ मध्ये झाकिर हुसेन यांच्या निधनानंतर प्रभारी राष्ट्रपती असलेल्या व्ही. व्ही. गिरींनी राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीसाठी राजीनामा दिला, तेव्हा २० जुलै ते २४ ऑगस्ट राष्ट्रपतिपदाची धुरा हिदायतुल्लांनी सांभाळली. १९७९ मध्ये उपराष्ट्रपतीही झाले. सरन्यायाधीश, प्रभारी राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती अशी तिन्ही पदं भूषवणारा दुसरा माणूस देशाने पाहिलेला नाही.

तरीही देऊळघाटच्या माणसाच्या रोजच्या जगण्यात शिरला तो मॉरिसचा दुसरा विद्यार्थी. पुसदजवळच्या गहुलीचा, बंजारा तांड्यातला वसंतराव फुलसिंग नाईक. जन्म १ जुलै १९१३. पुसदला जिचं नाव लाभलं ती पूस नदी पुढे पैनगंगेलाच मिळते, आणि पैनगंगा उगम पावते ती आपल्या बुलडाण्याच्या डोंगरात. मॉरिसमधून बी. ए. करून नाईकांनी १९४० मध्ये कायद्याची पदवी घेतली. नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी १९४१ मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी त्याला छाती लागे. वकिलीचे पहिले धडे त्यांनी अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली गिरवले आणि मग पुसदला बिऱ्हाड थाटलं. मला ही परतीची वाट फार महत्त्वाची वाटते. नागपुरात राहून त्यांचं काही अडलं नसतं.

महाराष्ट्र स्थापन झाल्यावर महसूलमंत्री म्हणून नाईक ज्या समितीचे अध्यक्ष झाले, तिच्या शिफारशींवरून १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. गावची शाळा, दवाखाना, रस्ता यांचा कारभार जिल्ह्यातल्याच निवडून आलेल्या माणसांच्या हाती आला. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ ते मुख्यमंत्री होते. १९६५ मध्ये शनिवारवाड्यासमोर त्यांनी जाहीर केलं की, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फासावर लटकवा. मग संकरित ज्वारी गावोगाव आली. जुन्या माणसांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या: भाकरीला गावरानची चव नाही, कडबा आखूड, आणि पावसात सापडलं तर कणीस काळं पडतं. पण दाणा पदरात भरभरून पडायचा, हेही तीच माणसं कबूल करत.

१९७२ च्या दुष्काळाने त्या शब्दाचा कस पाहिला. अमेरिकेची लाल मिलो, पोरांना सुकडी, बायाबापड्यांच्या हाती खडी फोडायचा हातोडा, पाझर तलावांवर मातीच्या पाट्या. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना नाईकांच्या सरकारने त्याच वर्षी राज्यभर नेली. तिचा कायदा १९७७ चा. देशाने असा कायदा केला तो २००५ मध्ये.

अकोल्याचं कृषी विद्यापीठही नाईकांच्याच काळातलं, १९६९ चं. त्याला नाव दिलं ते पंजाबराव देशमुखांचं. ज्यांच्याकडे उमेदवारी केली त्यांचं नाव शेतकऱ्याच्या ज्ञानपीठावर कोरलं जावं, यात मला कृतज्ञतेइतकाच औचित्याचा भाग दिसतो. पंजाबरावांनी १९३२ मध्येच श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत शिक्षण नेलं होतं.

नाईक १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूरला वारले. मॉरिस कॉलेज आता वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखलं जातं. साहेबाच्या नावाने उघडलेल्या कॉलेजाला तांड्यावरून आलेल्या विद्यार्थ्याचं नाव लागलं. त्यांच्या पुसदमध्ये १९८३ ला अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात शेगावलाही. देऊळघाटच्या पोराला इंजिनिअर व्हायला आता जिल्हा ओलांडावा लागत नाही.