कोणाकडे आलात?

नाताळच्या आदल्या रात्रीची ही गोष्ट. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आमचे गाव अहमदनगर जिल्ह्यातले. आता त्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता आणि ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांच्या कोप्या गावाबाहेर पडल्या होत्या. चर्चच्या दारात उभे राहून येणाऱ्यांना गीतांची पुस्तके द्यायचे काम माझ्याकडे होते. एक माणूस लहान मुलीला खांद्यावर घेऊन पायरीशी आला. मी त्याला विचारले, "कोणाकडे आलात?" तो ओशाळून म्हणाला, "कुनाकडं न्हाई. पोरीला गानं ऐकायचं हुतं." मी म्हणालो, "मग जरा बाजूला उभे राहा, घरची मंडळी यायचीत." थोड्या वेळाने पाहिले तर तो निघून गेला होता.

घरी आल्यावर मी हे सहज आजीला सांगितले. ती म्हणाली, "देवाच्या दारात कोणाकडे आलात असं विचारतात होय रे?" ती रागावली नव्हती, पण हा प्रश्न पुढे जन्मभर माझ्याबरोबर राहिला.

सर्व राष्ट्रे देवाची उपासना करण्यास येतील, हा बायबलमधला एक फार जुना विचार आहे. इथे 'राष्ट्र' म्हणजे आजच्यासारखा झेंडा, सीमा आणि पासपोर्ट असलेला देश नव्हे. मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांचा रोख लोकसमूहांकडे आहे, आणि इस्राएल लोक बहुधा तो शब्द 'आपल्याखेरीज इतर' अशा अर्थाने वापरत. म्हणजे राष्ट्रे येतील याचा साधा अर्थ, जे आपले नाहीत ते येतील.

यरुशलेमचे मंदिर बांधून झाल्यावर शलमोन राजाने जी प्रार्थना केली, तिच्यात दूर देशाहून येणाऱ्या परक्या माणसाचीही आठवण आहे. त्याने इथे येऊन काही मागितले तर ते त्याला दे, असे राजा देवाला विनवतो. पुढे यशयाच्या ग्रंथात हा विचार आणखी स्पष्ट होतो. देव आपल्याला त्याच्या लोकांतून वेगळे काढील, असे भय परक्याने बाळगू नये, कारण देवाचे घर सर्व लोकांसाठी प्रार्थनेचे घर म्हणून ओळखले जाईल, असे तिथे म्हटले आहे.

पण शब्द आणि बांधकाम यांत अंतर पडते. हेरोद राजाने नव्याने उभारलेल्या मंदिराला एक भव्य बाहेरचे अंगण होते. तिथे कोणीही येऊ शकत असे. परक्यांची अर्पणेही मंदिरात स्वीकारली जात. मात्र अंगणाच्या आत एक दगडी कठडा होता. तो तीन हात उंच होता, असे जोसीफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. त्या कठड्यावर ग्रीक आणि लॅटिन भाषांत सूचना लावल्या होत्या. त्यांतला एक ग्रीक शिलालेख १८७१ साली क्लेरमाँ-गानो या फ्रेंच संशोधकाला यरुशलेममध्ये सापडला. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. परक्या माणसाने हा कठडा ओलांडू नये, ओलांडल्यास ओढवणाऱ्या मरणाला तो स्वतः जबाबदार राहील, असा त्याचा आशय.

येशूने मंदिरातले सराफांचे चौरंग उलथले तो प्रसंग आपल्याला ठाऊक असतो. व्यापाऱ्यांवरचा राग म्हणून आपण तो सांगतो. पण हा बाजार बाहेरच्या अंगणात भरला होता, असे अभ्यासक मानतात. परक्यांना प्रार्थनेसाठी जी एकच जागा होती, ती कबुतरांनी आणि नाण्यांच्या खणखणाटाने भरून गेली होती. तिथे येशू यशयाच्या त्याच वचनाची आठवण देतो. मत्तय आणि लूक हे दोघे तो प्रसंग सांगताना 'सर्व राष्ट्रांसाठी' हे शब्द गाळतात. मार्कने मात्र ते राखले आहेत. मला तो तपशील मोलाचा वाटतो.

पुढे पौलावर आरोप आला तो याच कठड्यावरून. इफिसच्या त्रफिम नावाच्या माणसाला त्याने आत नेले, असा लोकांचा समज झाला आणि दंगल उसळली. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, दोन समाजांमधली आडभिंत ख्रिस्ताने पाडली, असे म्हटले आहे. ते वाचताना त्या काळच्या माणसांना हा दगडी कठडा आठवला असेल. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले, तेव्हा कठडाही गेला. माणसांच्या मनातला मात्र इतक्या सहज जात नाही.

इथे ख्रिस्ती माणसाने प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. 'राष्ट्रे येतील' या वचनाचा अर्थ इतिहासात कित्येकदा 'राष्ट्रे आणवली जातील' असा केला गेला. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज राजवटीने देवळे पाडली. तलवारीच्या धाकाने झुकलेल्या मानेला उपासना म्हणता येत नाही. बायबलमधली राष्ट्रे आपल्या पायांनी चालत येतात.

आणि ती येतात आपापली भाषा घेऊन. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात, कोणाला मोजता येणार नाही असा समुदाय देवासमोर उभा आहे. त्यात निरनिराळे वंश आणि निरनिराळ्या भाषा ओळखू येतात. देवापुढे आले म्हणून सगळे एकसारखे झालेले नाहीत. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणि कीर्तनात आणले. मराठी माणसाने देवापुढे मराठीतच उभे राहावे, हे या दोघांना समजले होते.

आज माझ्या मनात प्रश्न येतो तो आमच्याच चर्चविषयी. आमच्या दारावर शिलालेख नाही. पण बाकांवर कोणाचे घराणे कुठे बसते हे ठरलेले असते. लग्न जुळवताना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. कामासाठी परप्रांतातून आलेला ख्रिस्ती बांधव शेवटच्या बाकावर एकटाच बसून निघून जातो. त्याला कोणी हाकलत नाही, पण कोणी सरकून जागाही देत नाही. तीन हातांचा कठडा असा न बांधताही उभा राहतो.

सर्व राष्ट्रे कधी आणि कशी येतील, ते देव जाणे. माझ्या वाट्याला त्यातली फक्त एक पायरी आली होती आणि तिच्यावर खांद्यावर मुलगी घेतलेला एक माणूस उभा होता. आता दर नाताळला मी हट्टाने दारातच उभा राहतो. कोणी अनोळखी आला तर हातात गीताचे पुस्तक देतो आणि म्हणतो, "या, पुढे जागा आहे." वाचता येत नसले तरी चालते. गाणे ऐकायला पुस्तक लागत नाही.