नवदीक्षिताची प्रार्थना : संत ऑगस्टीन यांचे पहिले धडे

प्रौढ वयात ख्रिस्ती दीक्षा घेणाऱ्या व्यक्तीला धर्मशिक्षणाच्या वर्गात श्रद्धेची तत्त्वे शिकविली जातात, संस्कारांचा अर्थ समजावून सांगितला जातो. परंतु घरी परतून एकांतात गुडघे टेकले की तिच्यापुढे एक साधा प्रश्न उभा राहतो : आता बोलावे काय? ख्रिस्ती घरात जन्मलेल्या आपणांस हा प्रश्न क्वचितच पडतो. आईने आपला हात धरून कपाळाला लावला आणि क्रुसाची खूण केव्हा अंगवळणी पडली, हे आपल्याला आठवतही नाही. नवदीक्षिताला असे बालपण लाभलेले नसते. अर्थात, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रत्यक्ष प्रभूच्या शिष्यांपैकी एकाने प्रार्थना शिकविण्याची विनंती केलेली आहे.

हा धडा प्रौढ वयात गिरविणाऱ्यांमध्ये संत ऑगस्टीन यांचे उदाहरण आम्हांला फार बोलके वाटते. बिशप आणि महान धर्मपंडित म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण इ.स. ३८६ च्या शरद ऋतूत ते केवळ एक दीक्षार्थी होते. मिलान या राजनगरीत ते वक्तृत्वशास्त्राचे प्राध्यापक होते. सम्राटाच्या स्तुतीची भाषणे रचणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. हृदयपरिवर्तनानंतर त्यांनी ते पद सोडले आणि माता मोनिका, पुत्र अदेओदातुस व काही मित्र यांच्यासमवेत कासिसियाकुम येथील एका मित्राच्या ग्रामीण निवासात ते राहावयास गेले. शब्द हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना देवापाशी बोलण्यासाठी शब्द सुचले नसते असे नव्हे. तरीही त्यांनी आधार घेतला तो दाविदाच्या स्तोत्रांचा. ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या नवव्या भागात ते सांगतात की, चौथे स्तोत्र वाचताना त्यांचे अंतःकरण हेलावून गेले. भय, आशा आणि आनंद एकाच वेळी दाटून आले. दुसऱ्याने रचलेल्या ओळींत त्यांना स्वतःच्या मनाची अवस्था सापडली.

पाठ केलेली प्रार्थना म्हणजे उसने शब्द, त्यांत माझे असे काय आहे, अशी शंका नवदीक्षित पुष्कळदा घेतात. पण मूल बोलू लागते तेव्हा तेही आईचेच शब्द उचलते. स्वतःची भाषा त्याला नंतर येते. पाठांतर आणि घोकंपट्टी यांत मात्र भेद आहे. कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानेही मूलभूत प्रार्थनांचे पाठांतर आवश्यक मानले आहे, पण त्याचबरोबर त्यांच्या अर्थाची गोडी लावण्यावर भर दिला आहे. गोडी लागण्यासाठी एक प्रार्थना सावकाश म्हणणे हे दहा प्रार्थना भरभर आटोपण्यापेक्षा बरे.

त्याच काळातील आणखी दोन प्रसंग संत ऑगस्टीन यांनी नमूद केले आहेत. मिलानचे बिशप संत आंब्रोज यांना त्यांनी पत्राने विचारले की, स्नानसंस्काराच्या तयारीसाठी मी काय वाचू? संत आंब्रोज यांनी यशया संदेष्ट्याचा ग्रंथ सुचविला. ऑगस्टीन यांनी वाचावयास आरंभ केला, सुरुवातीचाच भाग समजेना, म्हणून तो ग्रंथ त्यांनी पुढच्यासाठी बाजूला ठेवला! बायबल हाती घेऊन कठीण अध्यायांपाशी अडखळणाऱ्यांना यातून धीर मिळावा. जे आज उमगत नाही ते थांबू शकते. स्तोत्रे आणि शुभवर्तमान थांबू नयेत.

दुसरा प्रसंग दाढदुखीचा आहे. वेदना इतकी असह्य झाली की, ऑगस्टीन यांना बोलताही येईना. तेव्हा त्यांनी मेणाच्या पाटीवर लिहून सोबत्यांना विनंती केली की, माझ्यासाठी प्रार्थना करा. सर्वांनी गुडघे टेकताच वेदना थांबली, असे ते लिहितात. आम्हांला त्या पाटीचे मोल अधिक वाटते. ज्याला स्वतः प्रार्थना करता येत नाही, त्याने इतरांकडे ती मागावी, हे दीक्षेपूर्वीच ते शिकले होते.

इ.स. ३८७ च्या पुनरुत्थान सणाच्या रात्री संत आंब्रोज यांच्या हस्ते त्यांचा स्नानसंस्कार झाला. पुढे हिप्पोचे बिशप झाल्यावर ते स्वतः दीक्षार्थींना प्रभूची प्रार्थना शिकवू लागले. त्यांची ५६ ते ५९ या क्रमांकांची प्रवचने याच प्रसंगांची आहेत. आधी विश्वासांगीकार आणि मग प्रार्थना, असा त्यांचा क्रम होता. कारण ज्याच्यावर श्रद्धा नाही, त्याला हाक कशी मारणार? त्या काळी ही प्रार्थना स्नानसंस्काराच्या उंबरठ्यावर आलेल्यांनाच सोपविली जात असे. देवाला पिता म्हणण्याचा हा अधिकार दत्तक पुत्रत्वातून मिळतो, ही जाणीव त्यामागे होती. ही प्रार्थना वेदीपाशी रोज म्हटली जाते, म्हणून ती ऐकून ऐकून पाठ होईल, असा दिलासाही ते श्रोत्यांना देत.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७२ साली, प्रौढांच्या दीक्षाविधीचे जे पुस्तक प्रसिद्ध झाले, त्यात ही प्राचीन प्रथा पुन्हा आणली गेली. प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यात संत मत्तयच्या शुभवर्तमानातून प्रभूची प्रार्थना दीक्षार्थींना ऐकविली जाते. पुनरुत्थानाच्या रात्री स्नानसंस्कारानंतर, पहिल्या ख्रिस्तशरीराच्या स्वीकारापूर्वी, ते ती सर्व श्रद्धावंतांसमवेत म्हणतात.

त्या प्रार्थनेत ‘माझ्या’ हा शब्द कोठेच नाही. आपल्याकडील नवदीक्षिताला हे कदाचित अधिक जाणवते, कारण त्याच्या घरी पुष्कळदा तो एकटाच ख्रिस्ती असतो. रात्री सर्व निजल्यावर तो ‘आमच्या’ असे म्हणतो तेव्हा तो कोणाबरोबर म्हणत असतो? येथे धर्मपिता व धर्ममाता यांचे काम सुरू होते, आणि आमच्या मते ते मेणबत्ती धरण्यापुरते नाही. आठवड्यातून एकदा त्याच्यासोबत बसून रोजरीचे एक दशक म्हणणे, त्याच्या घरच्या आजाऱ्याचे नाव विचारून घेणे आणि त्या नावाने प्रार्थना करणे, इतके तरी त्यांना करता येईल. ‘दिदाखे’ या आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणण्याचा नियम आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला सकाळ, दुपार, रात्र एवढा नियम पुरेसा आहे.

स्वतःचे शब्द हळूहळू येतात आणि ते मायबोलीतच यावेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राशोल येथे छापले गेले, ते याच निकडीतून. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती लोकांना आपल्या भाषेत काहीतरी हवे होते. शब्द थोडे असले तरी चालते. इ.स. ४१२ च्या सुमारास प्रोबा नावाच्या विधवेला लिहिलेल्या पत्रात संत ऑगस्टीन यांनी इजिप्तमधील संन्याशांच्या बाणासारख्या छोट्या प्रार्थनांचा उल्लेख केला आहे. देवाला माहिती पुरविण्यासाठी शब्द लागत नाहीत, आपली ओढ जागी राहावी म्हणून लागतात, असे त्यांनी तिला समजाविले. मन भरकटले तर त्या विचारांच्या मागे धावू नये. पुन्हा प्रार्थनेकडे वळावे.

दीक्षाविधीच्या पुस्तकानुसार पुनरुत्थानकाळातील रविवारच्या मिस्सांत नवदीक्षितांसाठी त्यांच्या धर्मपालकांजवळ खास जागा राखावयाची असते. स्नानसंस्काराला वर्ष पूर्ण झाले की, त्यांनी पुन्हा एकत्र जमून देवाचे आभार मानावेत आणि आपले अनुभव एकमेकांना सांगावेत, असेही त्यात सुचविले आहे. आपल्या धर्मग्रामात मागील वर्षी कोणाला दीक्षा मिळाली, त्यांची नावे नोंदवहीत आहेतच.