बालविभागातील चित्रपुस्तके : निवड आणि मूल्यमापन

वसई तालुक्याच्या पूर्व भागातील वालीव हे गाव आज लघुउद्योगांच्या गाळ्यांसाठी ओळखले जाते. मुंबई-अहमदाबाद महामार्गालगतच्या या पट्ट्यात रोजगारासाठी आलेली कुटुंबे राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतील आहेत, तशीच परप्रांतांतीलही आहेत. जुने रहिवासी मराठी व तिच्या स्थानिक बोली बोलतात. चाळीतील शेजारच्या खोलीत हिंदी, भोजपुरी अथवा गुजराती कानी पडते. गाव आता वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या क्षेत्रात मोडते. अशा वस्तीत तीन ते सात वर्षांच्या मुलासाठी पुस्तक विकत घेण्याची ऐपत वा प्रथा बहुतेक घरांत नसते. सार्वजनिक वाचनालयाने किंवा शाळेने जे पुस्तक निवडले, तेच त्या मुलाच्या आयुष्यातील पहिले पुस्तक ठरते. म्हणूनच बालविभागासाठी पुस्तके निवडणे हे खरेदी समितीच्या बैठकीतील शेवटच्या पाच मिनिटांत उरकण्याचे काम नव्हे.

प्रथम एक भेद लक्षात घेणे अवश्य आहे. सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी होत. सचित्र पुस्तकातील चित्रे काढून टाकली तरी गोष्ट उभी राहते. चित्रपुस्तकात मात्र निम्मी गोष्ट चित्र सांगते. मजकूर म्हणतो, ‘मनी कुठे दिसेना’, आणि मूल पाहते की मनी पलंगाखाली बसलेली आहे. लेखकाला ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, हा जो आनंद मुलाला येथे होतो, तो वाचनाचा पहिला आनंद होय. युरोपात कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये ‘ऑर्बिस पिक्टस’ हे मुलांचे चित्रमय पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हापासून चित्राचे शैक्षणिक मोल मान्य झालेले आहे. आपल्याकडे ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ व भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ यांच्यामुळे मोठ्या मुलांना मराठीत मालिकांची गोडी लागली. परंतु अक्षरओळखीच्या उंबरठ्यावरील मुलांची चित्रपुस्तके संख्येने पुष्कळ काळ थोडीच राहिली.

आज तशी स्थिती नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील पुस्तके अल्प किमतीत मराठीत मिळतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिका प्रसिद्ध केल्या. पुरंदरे यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार प्राप्त झाला. २००४ मध्ये स्थापन झालेल्या प्रथम बुक्स या संस्थेने अनेक भारतीय भाषांतून एकाच वेळी पुस्तके काढण्याचा मार्ग पत्करला आणि २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’ या व्यासपीठावर ती संगणकावरून मोफत वाचण्यास व छापून घेण्यास खुली केली. यांच्या जोडीला बाजारात परदेशी पात्रांची, दूरचित्रवाणीवरील व्यंगपटांची आणि पौराणिक कथांची झगझगीत संचपुस्तके आहेतच. निवडीचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. तो वेगळ्या रूपात पुढे आला आहे.

मालिकेचे काही गुण निर्विवाद आहेत. ओळखीचे पात्र पुन्हा भेटले की मुलाला पुस्तक परके वाटत नाही. त्याच घरातील तीच आजी दुसऱ्या पुस्तकात दिसली की मूल आपणहून पान उलटते. अडचण अशी की, मालिकेतील दोन पुस्तके उत्तम असली म्हणजे उरलेली दहाही उत्तम असतील, असे गृहीत धरले जाते. लोकप्रिय मालिका पुढे पुढे घाईने लिहिली जाते. गोष्ट पातळ होते, चित्रातील घर तेच, रंग तेच, फक्त नाव नवे. यासाठी मालिकेचे मूल्यमापन संच म्हणून न करता प्रत्येक पुस्तकाचे स्वतंत्रपणे करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लोकप्रियता मोजण्याचे साधन म्हणजे देवघेवीची नोंदवही. परंतु ही नोंद जपून वाचावी लागते. एखादे पुस्तक वीस वेळा घरी गेले, ते मुलाला आवडले म्हणून, की मुखपृष्ठावर परिचित व्यंगपटातील पात्र होते म्हणून, की कपाटात तेवढेच हाताशी होते म्हणून? त्याच मुलाने तेच पुस्तक पुन्हा मागितले काय, ही नोंद एकूण संख्येपेक्षा अधिक बोलकी असते. लहान मूल आवडीची गोष्ट आठवडाभर रोज ऐकू इच्छिते, आणि पुनर्वाचनाला टिकणारे पुस्तक ही त्याच्या गुणवत्तेची मोठीच खूण आहे. नोंदवहीत त्यासाठी एक जादा रकाना पुरे.

भाषेची परीक्षा डोळ्यांनी होत नाही, ती मोठ्याने वाचून होते. अनेक मालिका इंग्रजीतून वा हिंदीतून येतात. ‘“मला भूक लागली आहे,” म्हणाला ससा,’ असे वाक्य कागदावर खपून जाते. पण शिक्षिका मुलांसमोर वाचू लागली की जीभ अडते, कारण मराठी आजी गोष्ट सांगताना ‘ससा म्हणाला’ असेच म्हणते. अनेक भाषांतून निघणाऱ्या पुस्तकांत चित्रे सर्व भाषांसाठी एकदम छापली जातात आणि काळ्या शाईतील मजकूर तेवढा बदलतो. किंमत कमी राहण्याचे ते एक कारण आहे. मात्र दुसऱ्या भाषेच्या मापाने सोडलेल्या जागेत मराठी वाक्य कोंबले गेले, तर अक्षर बारीक होते आणि जोडाक्षरे, वेलांट्या एकमेकांत मिसळतात. पाच वर्षांच्या मुलाला ‘कु’ आणि ‘कृ’ यांतील भेद हाताच्या अंतरावरून दिसला पाहिजे, ही साधी कसोटी खरेदीपूर्वी लावावी. प्रथम बुक्ससारखे प्रकाशक पुस्तकांवर वाचनपातळीचे आकडे देतात. ते वाचून दाखविणाऱ्यास उपयोगी आहेत. पण चौथ्या पातळीचे पुस्तक पहिलीतील मुलाने मागितले तर ते नाकारण्यासाठी नाहीत.

चित्रांच्या बाबतीत सुबकपणापेक्षा खरेपणा पाहावा. आई सर्व पुस्तकांत स्वयंपाकघरातच आहे काय? चांगली माणसे गोरी आणि चोर काळाच आहे काय? आदिवासी मूल केवळ नाचण्यापुरते आले आहे काय? पालघर जिल्ह्यातील वाचनालयांना हा शेवटचा प्रश्न दूरचा नाही. वारली चित्रकलेला जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेले ते याच जिल्ह्यातून, आणि चेन्नईच्या तारा बुक्सने वारली चित्रकारांकडून ‘डू!’ हे लहान मुलांचे क्रियापदांचे पुस्तकही करून घेतले. तरीही अनेक संचांत वारली आकृत्या नुसत्या पानाच्या कडेला शोभेसाठी लावलेल्या आढळतात. बर्फ, सफरचंद, चिमणीतून निघणारा धूर यांना मात्र घाबरण्याचे कारण नाही. मुलाला न पाहिलेले जग हवेच असते. सारी मालिकाच बर्फाची असेल, आणि भातखाचर, मिठागर, कारखान्याचा भोंगा कुठेच नसेल, तर तोल गेला असे समजावे.

याच जिल्ह्याच्या उत्तर भागात ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी तेथे अंगणवाडी व कुरणशाळा यांचे प्रयोग केले. शिंपले, बिया, पाने, खडे ही तेथील शैक्षणिक साधने होती. मुलाच्या परिसरातील वस्तूपासून आरंभ करावा, हे त्यांचे सूत्र चित्रपुस्तकाच्या निवडीलाही लागू पडते.

पुस्तकाच्या देहाकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि नेमकी तेथेच वाचनालये फसतात. चित्रपुस्तके बहुधा १६, २४ वा ३२ पानांची असतात, कारण छपाईचा ताव घडी घालून कापला की पाने अशाच पटीत पडतात. पातळ पुस्तकाला मध्यभागी तारेचे टाचण असते. वसईच्या चार महिन्यांच्या दमट हवेत ही तार गंजते, डाग पानावर उतरतो आणि मधली दोन पाने सुटतात. गुळगुळीत कागदाची पाने ओल लागली की एकमेकांस चिकटतात. जाड पुठ्ठ्याची फुगतात. नवे पुस्तक आल्याबरोबर टाचण काढून दोऱ्याने शिवून घेतल्यास ते अधिक टिकते, आणि हे काम कोणीही दाभण व सुतळीवजा दोरा घेऊन करू शकतो. पुस्तक फाटेल या भीतीने ते कुलपात ठेवणे हा मात्र उपाय नव्हे. बालविभागातील फाटलेले पुस्तक वापरले गेलेले असते. तपासणी अधिकाऱ्यांनीही ते त्याच दृष्टीने पाहावे. कोऱ्या पुस्तकांविषयी खुलासा विचारणे अधिक योग्य होईल.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार मान्यताप्राप्त वाचनालयांस अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळते. अनुदानाची रक्कम आर्थिक वर्षात खर्ची पडावी म्हणून मार्चअखेर घाईने खरेदी होते, आणि विक्रेता पूर्ण संचावर मोठी सूट देऊ करतो. पंधरा पुस्तकांच्या संचातील चारच उपयुक्त असतील, तर सूट धरूनही ती खरेदी महागच पडते. त्यापेक्षा विक्रेत्याकडून प्रत्येक मालिकेची एक-दोन पुस्तके पावसाळ्यानंतर नमुन्यादाखल मागवावीत. शिक्षिका, अंगणवाडी सेविका व एक पालक यांनी ती आठ-दहा मुलांसमोर निरनिराळ्या दिवशी वाचावीत. मुले कोणत्या पानावर पुढे सरकली, कोठे चुळबुळ झाली, कोणते चित्र दाखवून त्यांनी आपल्या बोलीत काय सांगितले, एवढे टिपून ठेवावे. हिंदी वा भोजपुरी बोलणारे मूल मराठी शब्द न कळताही चित्रावरून गोष्ट सांगू लागले, तर ते पुस्तक वालीवसारख्या वस्तीसाठी निश्चितच घेण्याजोगे आहे. ही टिपणे समितीपुढे जानेवारीत ठेवली म्हणजे मार्चमध्ये विचार करण्यास वेळ राहतो, आणि आवडलेल्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती घेता येतात. नावडत्या बाराव्या पुस्तकापेक्षा आवडत्या पहिल्या पुस्तकाची दुसरी प्रत बालविभागाला अधिक उपयोगी पडते, कारण एक प्रत घरी गेलेली असताना दुसऱ्या मुलाला रिकाम्या हाताने परतावे लागत नाही.