हुकूम पिल्लांचा!

नाताळ आला की मीरा-भाईंदरच्या उत्तन-डोंगरी पट्ट्यातल्या ईस्ट इंडियन घरांत सोरपोतेल आणि इंद्यालचा घमघमाट सुटतो. हंडीतल्या डुकराशी गट्टी जुनी, पण डुकरिणीचं बाळंतपण कसं होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? तिथे आईचं फारसं चालतच नाही. हुकूम पिल्लांचा, आणि तो पोचवायचं काम हार्मोन्सचं.

किमान चौघं हवीत!
गर्भ राहिल्यावर साधारण बाराव्या दिवशी इवल्या गोल गर्भांचे काही तासांत लांबलचक धागे होतात आणि ते इस्ट्रोजेन सोडू लागतात. निरोप एकच: ‘आम्ही आलोय!’ चारापेक्षा कमी गर्भ असतील, तर हा निरोप सहसा पुरेसा पोचत नाही. गर्भ टिकत नाही आणि डुकरीण पुन्हा माजावर येते.

तिनाचा पाढा
3 महिने, 3 आठवडे, 3 दिवस. डुकरीण गाभण राहते ती साधारण 114 दिवस. तोवर प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाला शांत ठेवतं.

तारीख पोटातूनच ठरते
दिवस भरले की पिल्लांच्या अंगात कॉर्टिसोल वाढतं. मग आईच्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन सुटतं, प्रोजेस्टेरॉन घसरतं आणि कळांची वाट मोकळी होते. मोठ्या फार्मवर प्रोस्टाग्लँडिनचंच इंजेक्शन देऊन वीण दिवसाउजेडी, माणसं हाताशी असताना उरकतात.

घरटं बांधणारं डुक्कर
विण्याच्या आदल्या दिवशी डुकरीण जमीन उकरते, तोंडात गवत-काटक्या धरून आणते आणि चक्क घरटं रचते. खाली सिमेंटची फरशी असली, गवताची काडी नसली, तरी पाय उकरतच राहतात. यामागे प्रोलॅक्टिनचा मोठा हात. दूध तयार करायला लावणारं हार्मोनही तेच.

चीक चुकवायचा नाही
माणसाच्या बाळाला आईची प्रतिकारशक्ती वारेतूनही मिळते. डुकराच्या पिल्लाला मात्र ती मिळते चिकातूनच. तीही लवकर हवी, कारण साधारण दिवसभरात ती आत घेणारा पिल्लाच्या आतड्याचा दरवाजा बंद होतो. वीण चालू असताना पान्हा सोडायला लावणारं ऑक्सिटोसिन चढतं असल्यामुळे चीक जवळजवळ सतत मिळतो. नंतर मात्र घड्याळ लागतं.

जेवण वीस सेकंदांचं
गाईच्या कासेत दूध साठायला जागा असते, डुकरिणीकडे ती नसल्यातच जमा. पिल्लं नाकाने ढुसण्या देत कास चोळतात, आईचं ‘घुर्र घुर्र’ वाढत जातं, ऑक्सिटोसिन सुटतं आणि पान्हा फुटतो. तो टिकतो जेमतेम 10 ते 20 सेकंद! पुढची पंगत साधारण तासाभराने.

ज्याचा सड त्यालाच
पहिल्या काही दिवसांत मारामाऱ्या होऊन प्रत्येकाचा सड ठरतो. पुढच्या सडांना सहसा दूध जास्त, म्हणून भांडण तिथलंच. ज्या सडाला तोंड लागत नाही, तो थोड्याच दिवसांत आटतो.

सुईने दूध वाढत नाही
माणूस, गाय, डुक्कर, सगळ्यांचं ऑक्सिटोसिन एकच: 9 अमिनो आम्लांची साखळी. ती प्रयोगशाळेत जुळवणाऱ्या व्हिन्सेंट द्यू विन्यो यांना 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तबेल्यांत म्हशीला टोचलं जातं तेच हे औषध. ते पान्हा सोडायला लावतं, दूध बनवत नाही. या गैरवापरामुळे 2018 मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना त्याचं देशातल्या वापरासाठी उत्पादन करायला बंदी केली. पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायलाही तेच लागतं. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली.

पिल्लं तुटली की…
पिल्लं लुचत असतात तोवर डुकरीण सहसा माजावर येत नाही. ती तोडली, की 4 ते 7 दिवसांत बाईसाहेब पुन्हा माजावर. म्हणजे पुढच्या पाळण्याची परवानगीही आधीच्या पिल्लांकडूनच!