गिरगावच्या वाड्यांतून, पावसात आणि सावकाश

‘पावसात? आणि या वयात?’ मुंबईच्या जुन्या गिरगावात एक फेरी मारून यावे असे घरातील ज्येष्ठांनी म्हटले, की पहिला प्रश्न हाच येतो. प्रश्न अनाठायी नाही. ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तर चालणे महिनोन्महिने दुरावते. परंतु पावसाळ्याचे चार महिने खिडकीपाशी बसून काढले, तर पायांचे बळ ओसरते, तोल बिघडतो आणि पुढे कोरड्या जमिनीवरही पडण्याचे भय वाढते. म्हणून नकार देण्यापेक्षा ही फेरी नीट आखावी.

दिवस रिमझिम पावसाचा निवडावा. हवामान खात्याचा इशारा असेल किंवा मुसळधार पावसाच्या वेळीच समुद्राला मोठी भरती असेल, तर बेत सरळ पुढे ढकलावा. रेल्वेच्या पुलाचे ओले जिने टाळून टॅक्सीने थेट सेंट तेरेसा चर्चपाशी उतरावे. खोताची वाडी तेथून जवळच आहे.

ही वाडी पाहावी तर पावसातच. एका खोताच्या जमिनीचे तुकडे घेऊन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी येथे घरे बांधली. उतरती कौले, लाकडी व्हरांडे, बाहेरून वर जाणारे जिने. पाणी पागोळ्यांनी ओघळून जावे आणि तरीही माणसाला दाराशी बसून गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलता यावे, ही त्या रचनेतील सोय धो-धो उन्हात ध्यानी येत नाही. एके काळी येथे अशी साठाहून अधिक घरे होती. आता निम्मीही उरलेली नाहीत. उरलेल्यांत माणसे राहतात, हे विसरू नये. दमल्यावर कोणाच्या पायरीवर टेकायचे झाले, तर विचारूनच टेकावे.

आता हातांचा हिशेब. एका हातात काठी, दुसऱ्यात छत्री, म्हणजे कठडा धरायला हातच उरत नाही! छत्री सोबतच्याने धरावी किंवा ज्येष्ठांनी पोटरीपर्यंतचाच रेनकोट घालावा. काठीचे रबरी टोपण झिजलेले असेल तर आदल्या दिवशीच बदलावे. स्लिपर नकोत, टाच बांधणारी, तळाला खोल नक्षी असलेली पादत्राणे हवीत. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खालची पायरी पुसट दिसते, तेथे मान वाकवून भिंगाच्या वरच्या भागातून पाहावे. शेवाळलेल्या फरशीच्या वाटेला मात्र जाऊच नये.

दम असेल तर पुढे केशवजी नाईक चाळीपर्यंत जावे. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली येथे सुरू झाला. ज्यांचे बालपण गिरगावातील चाळींत गेले, त्यांना येथे काही समजावून सांगू नका. त्यांनाच पुढे चालू द्या. विस्मरण होत असलेली व्यक्तीही सामाईक गॅलरी पाहून शेजाऱ्यांची नावे सांगू लागते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. नाव चुकले तर लगेच दुरुस्त करू नये. आपल्याला ते बरोबर ठाऊक असण्याची खात्री तरी कुठे असते?

लघवीला जावे लागेल या भीतीने अनेक ज्येष्ठ पाणीच पीत नाहीत. थांबण्याजोगे उपाहारगृह आधीच हेरून ठेवावे. लघवीची गोळी चालू असल्यास तिची त्या दिवसापुरती वेळ डॉक्टरांना विचारून घ्यावी. गोळी परस्पर चुकवू नये.

साचलेल्या पाण्यातून चालू नये, कारण उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात. नाइलाजाने चालावे लागलेच, तर ताप येण्याची वाट न पाहता एकदोन दिवसांतच डॉक्टरांना गाठावे. घरी परतल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. मधुमेह असेल तर तळवे सोबतच्याने उजेडात पाहावेत, कारण खरचटलेले त्यांना जाणवेलच असे नाही. चहा त्यानंतर.