लहान ट्रॅक्टरची सुकाणू यंत्रणा : देखभाल व सुधारणा

प्रस्तावना :
नाशिक व सांगली जिल्ह्यांतील द्राक्षबागांत दोन ओळींमधील अंतर साधारणतः ८ ते १० फूट असते. एवढ्या जागेत फवारणी व आंतरमशागत करणाऱ्या लहान ट्रॅक्टरचे स्टिअरिंग सैल अथवा जड झाल्यास वेलींना इजा पोहोचते. उतारावर चालकाचा जीवही धोक्यात येतो. अशा वेळी पॉवर स्टिअरिंगचा खर्चिक पर्याय पुढे येतो. त्याने श्रम कमी होतात, परंतु सांध्यांची झीज भरून निघत नाही. म्हणून दोषनिदानाचा क्रम कसा असावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना व तत्त्व :
वळणावर आतील चाकास बाहेरील चाकापेक्षा अधिक कोनात वळावे लागते. म्युनिकचे लँकेनस्पर्गर यांनी घोडागाडीसाठी योजलेल्या या रचनेचे पेटंट रुडॉल्फ अॅकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. समजा, दोन आसांतील अंतर १.५ मीटर, किंगपिनांमधील अंतर १ मीटर आणि वळणकेंद्रापासून आतील किंगपिनचे आडवे अंतर २ मीटर आहे. तर आतील चाक सुमारे ३७ अंशांत व बाहेरील २७ अंशांत वळले पाहिजे. टाय रॉड वाकल्यास हा मेळ बिघडतो, चाके घासत चालतात व टायर लवकर झिजतात.

दोषनिदान :
सैलपणा तपासताना इंजिन बंद करून व मागील चाकांना पाचर लावून एकाने स्टिअरिंग थोडे डावीउजवीकडे हलवावे. दुसऱ्याने गिअरपासून चाकापर्यंत प्रत्येक सांधा पाहावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर ५ सेंटिमीटर मोकळीक म्हणजे सुमारे १९ अंश होत. ही सहसा एकाच भागाची नसून पिनियन, बॉल जॉइंट व बुश यांच्या झिजेची बेरीज असते.

जडपणासाठी पुढचा आस जॅकवर उचलावा व खाली भक्कम आधार द्यावा. तरीही स्टिअरिंग जड राहिल्यास सांधे कोरडे वा गंजलेले आहेत. हलके झाल्यास टायरमधील हवा, पुढील भार व किंगपिनच्या बैठकीतील घर्षण तपासावे.

उपाय :
ग्रीस निपल स्वच्छ करून नियमित ग्रीस द्यावे. झिजलेले बुश व बॉल जॉइंट बदलावेत. नंतरच चाकांची पुढील-मागील कडांमधील अंतरे उत्पादकाच्या पुस्तिकेनुसार जुळवावीत. जागा असल्यास किंगपिनच्या बैठकीत थ्रस्ट बेअरिंग बसविल्याने घर्षण लक्षणीय घटते. वाकलेला टाय रॉड तापवून सरळ करणे वा त्यास वेल्डिंग करणे टाळावे. उभ्या ट्रॅक्टरचे स्टिअरिंग बळाने फिरवू नये.

निष्कर्ष :
प्रथम सांधे, नंतर चाकांची जुळणी व शेवटी सुधारणा हा क्रम पाळल्यास अल्पभूधारकाचा अनावश्यक खर्च वाचतो व सुरक्षितता वाढते. कृषी अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांत या तपासणीचा समावेश होणे उपयुक्त ठरेल.