शाप आणि वाळू

म्हैसूरपासून सुमारे ४५ किलोमीटरांवर, कावेरीच्या डाव्या तीरावर तलकाड वसले आहे. एके काळी ही गंग राजांची राजधानी होती. पुढे तिची अनेक देवालये वाळूखाली गेली. १६१० मध्ये राजा वडियाराने श्रीरंगपट्टण घेतले, तेव्हा अलमेलम्मेने शाप देऊन नदीत उडी घेतली व त्या शापाने तलकाड वाळूत बुडाले, असे लोककथा सांगते. काही अभ्यासक मात्र नदीच्या वरच्या अंगाला पाहतात. चौदाव्या शतकातील माधवमंत्र्याच्या बंधाऱ्यामुळे खालचे पात्र उघडे पडले आणि वाऱ्याने त्यातील वाळू कणाकणाने तीरावर आणली, असे त्यांचे मत आहे.

संगणकाचा प्रोग्राम ‘मेमरी एरर’ असा निरोप देऊन कोसळला, म्हणजे पुष्कळांना असाच शाप आठवतो. यंत्र जुने, मेमरी तोकडी, असे म्हणून ते मोकळे होतात. निरोपात जी ओळ दाखविलेली असते, तिलाच दोष दिला जातो. वास्तविक ती ओळ केवळ वाळूचा शेवटचा कण मागत असते. ढीग आधीच साचलेला असतो.

समजा, एका कचेरीत लाखो नोंदींची बेरीज करावयाची आहे. प्रोग्राम सारी फाईल एकदम मेमरीत घेतो आणि प्रत्येक नोंद यादीत साठवितो. पायथन भाषेत रिकाम्या शब्दमालेलाही ४० बाइटांहून अधिक जागा लागते. म्हणून डिस्कवर लहान दिसणारी फाईल मेमरीत कितीतरी फुगते.

शोधाची रीत सरळ आहे. प्रथम हजार नोंदी द्याव्या, मग दहा हजार, मग लाख. दर वेळी व्यापलेली मेमरी मोजावी. ती नोंदींच्या प्रमाणात वाढत असेल, तर काहीतरी सोडले जात नाही, हे निश्चित. कोणत्या ओळीने किती जागा घेतली, हे पायथनमधील ‘ट्रेसमॅलॉक’ दाखविते. मग उपाय सापडतो: एकेक नोंद वाचावी, बेरजेत मिळवावी आणि सोडून द्यावी.

नवी मेमरी घेतल्याने काम काही दिवस चालेल. पण नोंदी वाढताच प्रोग्राम पुन्हा कोसळेल आणि खिडकीपाशी ताटकळणाऱ्या माणसाला पुन्हा ‘उद्या या’ असे ऐकावे लागेल. तलकाडची देवालये वाळू उपसून उघडी केली गेली, हे योग्यच झाले. परंतु वाळू कोठून येते, हे विचारल्यावाचून उपसणे संपत नाही.